रुमली चौकीवर आली होती

यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी दरोडेखोरांवर लिहावं, असं संपादकांचं म्हणणं पडलं. घोड्यावरचा पोलीस म्हटला की लोकांना तेच ऐकायचं असतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. सगळ्या नोकरीत माझ्या बंदुकीतून माणसावर एकदाही गोळी सुटली नाही. जे दोन दरोडेखोर मी पकडले, त्यांतला एक हिवतापाने इतका खंगला होता की त्याला माझ्या घोड्यावर बसवून मीच लगाम धरून पायी चालत आलो. संपादक जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरं, जे घडलं ते लिहा."

माझे वडील तळोद्याचे नालबंद. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेले वडील, ही माझी सगळ्यात जुनी आठवण. मराठी सातवी झालो आणि घोडेस्वार पोलिसांची भरती निघाली. साहेबांनी एक अडेल घोडी माझ्यापुढे आणून उभी केली. मी तिच्यावर बसलोच नाही. खूर उचलून पाहिला आणि म्हटलं, "साहेब, नाल चुकीचा बसलाय, म्हणून अडते." एवढ्यावर मला घेतलं.

ज्यांना हे पथक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खापरच्या पुढे, जिथे सपाटी संपून सातपुड्याचा चढ लागतो, तिथे आमची चौकी होती. सहा स्वार, दोन पायदळ शिपाई आणि वर मी जमादार. मोटारीचा रस्ता तेव्हा नव्हता. डोंगरातल्या पाड्यांवर जायचं तर घोड्यावर, आणि पुढे घोडाही चालेना तिथे पायी. एका बाजूला गुजरातची हद्द, दुसऱ्या बाजूला मेवासींची, म्हणजे भिल्ल सरदारांची, छोटी संस्थानं. चोरलेली गुरं एका हद्दीतून दुसरीत गेली की गेलीच. ती अडवायची, टपाल घेऊन धावणाऱ्या माणसाला रानात सोबत द्यायची, खापरच्या बाजारात भांडणं लागली तर दोन घोडे मध्ये घालायचे, ही आमची कामं. रोज सकाळी खरारा, दाणा, पाणी. घोडा धडधाकट तर चौकी धडधाकट, असं मी पोरांना सांगायचो.

पण चौकीचा खरा जीव घोड्यांत नव्हता, वेस्तात होता. वेस्ता आमचा पगी, म्हणजे माग काढणारा. वरच्या पाड्यातला भिल्ल, वयाने माझ्याहून थोडा मोठा, अंगाने काटक. सरकारने त्याला एक पट्टा दिला होता, तो तो खांद्यावर टाकायचा. आपण छापील कागद वाचतो तशी तो जमीन वाचायचा. माणूस दमलेला होता की ताजा, ओझं कुठल्या खांद्यावर होतं, मागे वळून पाहत चालला होता का, हे त्याला मातीवरून कळायचं. भिलीत मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणायची रीत नाही. वेस्ता मराठी बोलायचा तेव्हाही कलेक्टरापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना 'तू'च म्हणायचा.

एकदा खापरची एक पाटलीण तणतणत चौकीवर आली. "जमादार, मन्ही म्हैस गई! तुम्ही आठे घोडास्ले खरारा करी ऱ्हायनात, आनि तठे मन्हा खुटा मोकळा पडेल शे!" वेस्ताने खुंट्याजवळची माती पाहिली आणि चालू लागला. आम्ही मागे. गावाला वळसा घालून, दोन शेतं तुडवून, तो परत गावात शिरला आणि पाटलिणीच्या जावेच्या गोठ्यापुढे उभा राहिला. आत म्हैस रवंथ करत होती. पाटलीण जावेकडे, जाऊ पाटलिणीकडे बघत राहिली. वेस्ता मला हळूच म्हणाला, "जमादार, आता आपण जाऊ. पुढचं पोलिसाचं काम नाही." त्या दिवशी आम्ही चौकीपर्यंत हसत आलो.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण मी लिहायला बसलो तो रुमलीसाठी. हे मी आजवर कागदावर आणलेलं नाही. जिथे आणायला हवं होतं तिथेही नाही.

ही दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. हिवाळा संपत आला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी एक बाई चौकीच्या आवारात येऊन घोड्यांच्या टाकीजवळ उभी राहिली. पन्नाशीची असेल. हातात काठी, पाय धुळीने पांढरे. मी काय पाहिजे विचारलं, तर भिलीत म्हणाली, "मला इथे ठेव. घोड्यांचं शेण काढेन."

भिली मला चांगली यायची. चौकीवर वेस्ता सोडला तर ती बोलणारा मी एकटाच, आणि त्याचा मला अभिमान होता. मी तिला बसवून विचारलं. नाव रुमली. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती मणिबेलीच्या बाजूला नर्मदाकाठी दिलेली. रुमली वरच्या एका पाड्यात एकटी राहायची. पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथली पोरं आज शाळेत जातात. त्या हिवाळ्यात तिथे तापाची साथ आली आणि लहान मुलं एकापाठोपाठ गेली. लोकांनी मांत्रिकाला विचारलं. त्याने दाणे टाकून पाहिले आणि नाव काढलं रुमलीचं. ती डाकीण आहे, मुलांना खाते.

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हणाले, त्यातल्या दोघांची नाळ मीच कापली होती."

तिला ठेवून घ्यायचं माझ्या हातात नव्हतं. गुन्हा नसताना बाईमाणसाला चौकीवर ठेवता येत नाही, असा कायदा. नियमाने होतं तेवढं मी केलं. चार स्वार आणि वेस्ताला घेऊन तिच्याबरोबर पाड्यावर गेलो. लोक जमले. कारभारी म्हातारा होता, शांत बोलणारा. मी त्याला सांगितलं, की हिच्या केसाला धक्का लागला तर पाड्यातल्या सगळ्या बाप्यांना धुळ्याला नेईन. त्याने हातात माती घेतली आणि शब्द दिला. "ही आमची बाई आहे. हिला कोणी हात लावणार नाही."

वेस्ता सगळा वेळ लोकांच्या मागे एका झाडाखाली बसलेल्या तरुण माणसाकडे बघत होता. तो कारभाऱ्याचा मुलगा. त्याचं मूल तापाने पडलं होतं. परतताना वेस्ता म्हणाला, "म्हाताऱ्याने शब्द दिला. त्याने नाही दिला." मी म्हटलं, "बापाचा शब्द म्हणजे घराचा शब्द."

निघताना मी रुमलीला म्हटलं होतं, "काही वाटलं तर सरळ चौकीवर ये."

"तू तिथे असशील?"

"मी नाही तर कोणीतरी असेल. चौकी कधी रिकामी नसते."

पुढच्याच आठवड्यात महाशिवरात्र आली. प्रकाशाच्या यात्रेला तापीकाठी गर्दी मोठी, आणि बंदोबस्ताला आम्हाला बोलावणं आलं. हुकमात स्वच्छ लिहिलं होतं, की एक शिपाई चौकीवर ठेवावा. ज्याची पाळी होती तो पायदळ शिपाई माझ्याकडे आला. त्याची आई फार थकली होती आणि तापीचं स्नान हे तिचं एकच मागणं उरलं होतं. तो म्हणाला, "जमादारसाहेब, पुढच्या वर्षी ती असेल की नाही सांगता येत नाही." दुसऱ्या शिपायाला हिवताप, तो घरी गेलेला. वेस्ताचं यात्रेत काम नव्हतं, तो आपल्या पाड्याला गेला होता. मी विचार केला, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न. कुलूप लावलं आणि निघालो.

शिपायाच्या आईने स्नान केलं. मी स्वतः तिला गर्दीतून घाटापर्यंत वाट करून दिली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. वेस्ता चौकीच्या फाटकातच उभा होता. त्याने दोन्ही हात वर केले. "घोडे आत आणू नको."

मी उतरलो. तो म्हणाला, "बाई आली होती. अनवाणी, हातात काठी. डाव्या पायाचं मधलं बोट आत वळलेलं. आपण तिला वर सोडायला गेलो तेव्हा तीच पुढे चालत होती. रुमली."

मग तो चालत गेला आणि मी त्याच्या मागे. इथून ती आत आली. इथे दारापुढे उभी राहिली, बराच वेळ, पाय बदलत. मग चौकीला एक फेरी मारली, खिडकीखाली टाचा उंचावल्या. तबेल्यात जाऊन आली. पुन्हा दारात. इथे भिंतीला टेकून बसली. इथे झोपली. "हा दुसरा दिवस," वेस्ता म्हणाला, "कालच्या पावलांवर पाखरांची नखं आहेत, आणि पाखरांवर पुन्हा तिची पावलं." दुसऱ्या दिवशी ती फाटकापासून खापरच्या रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. त्या पायवाटेवर तिची पावलं एकमेकांत मिसळली होती. मला वाचता येत नव्हती, पण किती आहेत ते दिसत होतं.

"आणि मग?"

वेस्ताने डोंगराकडे बोट केलं. "मग वर गेली. परवा."

घोड्यांना पाणीसुद्धा न दाखवता आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर एक नाला आहे. तिथे वेस्ता थांबला आणि खाली वाकला. करवंदीच्या जाळीतून तीन माणसं बाहेर आली होती. पुढे फार शोधावं लागलं नाही. पळसाच्या पानांखाली ती होती. काठी दोन हात लांब पडली होती. नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. तेवढ्यापुरतं मन घट्ट करायची सवय झालेली असते. त्या दिवशी मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी पायांकडे पाहिलं. डाव्या पायाचं मधलं बोट आत वळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी फौजदार पंचनाम्याला आले. देशावरचे गृहस्थ, नवीनच बदलून आलेले, कामाला चोख. त्यांना भिली येत नव्हती आणि पंचनाम्यासारख्या कामात वेस्ता आपल्या भाषेतच बोलायचा. तेव्हा वेस्ता सांगेल ते मी मराठीत सांगायचं आणि फौजदारांनी लिहून घ्यायचं, असं ठरलं. नाल्याजवळ एका दगडावर कागद ठेवून ते बसले.

वेस्ताने सुरुवातीपासून सांगितलं. भिलीत म्हणाला, "ही चौकीवर आली. दाराला कुलूप होतं. दोन दिवस दारात बसली. कोणी आलं नाही, म्हणून परत निघाली."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो?"

तेवढ्या क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं ते सगळं मला आजही आठवतं. हुकमाचा कागद. एक शिपाई ठेवावा. जमादारीचा पट्टा. घरी म्हातारे वडील, त्यांच्याने आता घण उचलवत नव्हता. शिपायाची आई. मी म्हटलं, "म्हणतो, बाई खालच्या बाजूने वर येत होती."

फौजदारांनी लिहिलं, 'मयत ही खालचे बाजूने वर येत असता.'

वेस्ताला मराठी लिहिता येत नव्हतं, पण कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग तीन माणसांच्या पावलांबद्दल सांगायला लागला, आणि ते मी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं.

पकडायला कोणाच्या मागे धावावं लागलं नाही. कारभारी म्हातारा स्वतः तिघांना घेऊन खाली आला. एक त्याचा मुलगा आणि दोघे त्या मुलाचे चुलतभाऊ. म्हातारा एवढंच म्हणाला, "नातू गेला. मग माझा शब्द माझ्या घरात उरला नाही." मुलगा खाली बघत होता. बापाचं दुःख काय ते मला कळत होतं. मी त्याच्या हातात बेड्या घातल्या तेव्हा तो रागावलाही नव्हता, नुसता रिकामा झाला होता.

धुळ्याच्या कोर्टात तिघांनी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं एकच. रुमली दोन दिवस पाड्यात नव्हती. कुठे होती कोणाला ठाऊक नाही. ती नसतानाच मूल गेलं. ती रानात आपली विद्या करायला गेली होती. न्यायाधीशांनी मला विचारलं, "ही बाई त्या दिवसांत पोलिसांकडे आली होती का?"

मी म्हटलं, "चौकीवर तशी नोंद नाही, साहेब."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तिघांना मोठ्या शिक्षा झाल्या.

निकालानंतर सुट्टी घेऊन तळोद्याला घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. कुलपाचं, पंचनाम्याचं, कोर्टाचं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. तिने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "पहले दिन आई थी ना वो? तो अपने घर ला देते उसको. मेरे पास रहती." कायद्यात बाईला चौकीवर ठेवता येत नव्हतं. माझ्या घरी ठेवू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या मनातच आलं नव्हतं.

पुढच्या वर्षीची होळी झाली आणि वेस्ता पट्टा परत द्यायला आला. मी त्याला बसवलं.

"जमादार, तू ते बोलला नाही," तो म्हणाला.

"बोलून काय झालं असतं, वेस्ता? ती तर गेली होती."

"ती गेली. पण वरती आता सगळे म्हणतात, दोन दिवस कुठे होती ते कोर्टालाही सापडलं नाही. मग डाकीणच असणार. मी सांगतो, ती चौकीवर होती. ते म्हणतात, सरकारच्या कागदात तर नाही." त्याने पट्टा टेबलावर ठेवला. "मी माग काढला, आणि तू तो पुसला. आता माझ्या मागाचा काय उपयोग?"

मी त्याला थांबवलं नाही. दोन वर्षांनी तो वारल्याचं खापरच्या बाजारात कानावर आलं.

लढाईच्या काळात, एका उन्हाळ्यात, नर्मदेकडून चालत एक तरुण बाई चौकीवर आली. दोन दिवस चालली होती. म्हणाली, "मी जोमी. रुमलीची मुलगी." तिच्या सासरी आईची गोष्ट पोचली होती. डाकिणीची मुलगी म्हणून घरातलं लहान मूल कोणी तिच्या हातात देत नव्हतं. जावेचं पोर रडलं तरी तिने उचलायचं नाही. तिचं स्वतःचं मूल जन्मताच गेलं होतं, त्याचाही बोल तिच्यावरच. ती भांडायला आली नव्हती. म्हणाली, "माझी आई ते दोन दिवस कुठे होती, तुला माहीत आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

"कुठे बसली होती?"

मी भिंतीजवळची जागा दाखवली.

"तोंड कुठे होतं?"

"रस्त्याकडे. आम्ही ज्या रस्त्याने येणार होतो त्याच्याकडे."

ती तिथे बसली नाही, रडलीही नाही. उभ्या उभ्या त्या जागेकडे बघत होती. मग म्हणाली, "चल. हे माझ्या सासऱ्याला सांग."

मी फौजदारांकडे पाच दिवसांची रजा मागितली आणि वर्दी न घालता तिच्याबरोबर निघालो. मणिबेलीच्या अलीकडे घोडा ठेवावा लागला, पुढे उतार कडक आहे. तिचा सासरा अंगणात बाज विणत होता. घरातली माणसं, शेजारची माणसं जमली. मी उभा राहून भिलीत सांगितलं. "रुमली दोन दिवस माझ्या दारात बसली होती. ये म्हणून मीच तिला सांगितलं होतं. मी कुलूप लावून गेलो होतो. ती रानात कुठे गेली नाही. ती माझी वाट बघत होती."

सासऱ्याने हातातली दोरी खाली ठेवली. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग तो दाराकडे वळून म्हणाला, "हा लांबून आलाय. पाणी द्या."

दारात जोमीची जाऊ उभी होती, कडेवर वर्षभराचं पोर. पाण्याचे हंडे आत होते. ती आत जायला वळली, थांबली, सासऱ्याकडे पाहिलं, जोमीकडे पाहिलं. मग तिने ते पोर जोमीच्या हातात दिलं आणि पाणी आणायला आत गेली. जोमी त्याला धरून उभी राहिली, कोपर अवघडून, बरेच दिवस हातात मूल न घेतलेली बाई धरते तशी.